मी अधिक टोपी

बाबा गेल्यानंतर चौथ्या दिवशी टोमॅटो उगवले. घर भेटायला येणाऱ्या माणसांनी भरलं होतं, आणि बाथरूमच्या खिडकीतल्या ट्रेमध्ये बहात्तर हिरव्या माना एकाच सकाळी वर आल्या होत्या. एका बाईंनी आईचे दोन्ही हात हातात घेऊन धीराचं काहीतरी बोलायला सुरुवात केली. आईने थोडं ऐकून घेतलं, मग हात सोडवून घेतले आणि त्यांना पाणी घालायचंय म्हणून उठून गेली. पाणी कोणाला, हे त्या बाईंना शेवटपर्यंत कळलं नाही.

बी बाबांचं स्वतःचं होतं. एकोणीस वर्षं ते दर हंगामातलं सगळ्यांत चांगलं फळ निवडायचे, त्याचं बी वाळवायचे आणि पाकिटात घालून ठेवायचे. थोडं बी नेहमी मागे राखलेलं असायचं. या वर्षी मात्र त्यांनी पाकीट उलटं करून झटकलं आणि होतं नव्हतं ते सगळं पेरलं, कारण या वर्षी बोगदा होणार होता. बोगदा हा त्यांचा शब्द. पाइपाच्या कमानी रोवायच्या, त्यांच्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा जाड कागद ताणायचा, की रोपांसाठी लांबोडकं उबदार घर तयार. असा तयार बोगदा विकत मिळतो, पण बाबांना तयार काही आवडायचं नाही. सामान त्यांनी आणून ठेवलं होतं. शेडमध्ये काळ्या पाइपाचं भलंमोठं वेटोळं होतं, लोखंडी सळ्यांचा भारा होता, प्लॅस्टिकची गुंडाळी होती. बांधायचं तेवढं राहून गेलं.

सात आठवड्यांत रोपांनी घराचा ताबा घेतला. ती खिडक्यांत होती, जिन्याच्या पायऱ्यांवर होती, शिलाई मशीनवर होती. बाबांच्या बाजूच्या अर्ध्या पलंगावर दोन ट्रे होते, आणि आई उरलेल्या अर्ध्यावर भिंतीला चिकटून झोपत होती. उजेड कमी पडून रोपं पिवळी, लांबडी झाली होती आणि कोणी दार लावलं तरी डुलत होती. सोमवारी रोपवाटिकेतला माणूस येऊन पाहून गेला. त्याचं म्हणणं असं की अजून आठवडाभर घरात ठेवलीत तर ही गेली, आणि उघड्यावर ठेवलीत तर थंडीच्या एका रात्रीत गेली. त्याच संध्याकाळी रेडिओने सांगितलं की गुरुवारी रात्री पारा शून्याखाली जाणार. म्हणजे आमच्या हातात तीन दिवस होते. रोपं गेली की बाबांचं बीही गेलं, हे कोणी बोललं नाही. आई एवढंच म्हणाली, "बोगदा आपण करायचा."

आपण म्हणजे चौघं. आई. आत्या, बाबांची थोरली बहीण, जिने चाळीस वर्षं शिवणाचे वर्ग घेतले आणि जी चार दिवसांसाठी म्हणून आली होती, सात आठवड्यांपूर्वी. शेजारचे प्लंबरकाका, बाबांचे मित्र, आता निवृत्त, पण जगातली कुठलीही अडचण ही मुळात गळती असते या मताचे. आणि मी. मी पुस्तकांची प्रुफं वाचते. चुका शोधणं हाच माझा धंदा आहे, हे पुढे लक्षात ठेवलं तर बरं.

आराखडा बाबांच्या वहीत होता. एक अर्धगोल काढलेला, आणि त्याखाली चार ओळी: लांबी ५ मी, रुंदी २ मी, उंची मी + टोपी, दार पूर्वेला. बाबांची नोकरी जमिनी मोजायची. छत्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या बांधांवर टेप धरला होता, तेव्हा त्यांच्या मापावर शंका घेण्याचा प्रश्नच नव्हता. वही चिखलात नको म्हणून मी त्या ओळी मोठ्या अक्षरांत एका पुठ्ठ्यावर उतरवल्या. उतरवताना हाताच्या सवयीने प्रत्येक 'मी'पुढे टिंब दिलं, आणि उंचीच्या ओळीत राहून गेलेला एकचा आकडा घातला. उंची १ मी. + टोपी. आता कसं नीट दिसत होतं.

टोपीचा अर्थ प्लंबरकाकांनी लगेच सांगितला. पाइपाच्या उघड्या तोंडावर बसवतात ते झाकण म्हणजे टोपी. त्यांनी घरून बारा टोप्या आणल्या. आत्याने विचारलं, पाइपाची दोन्ही टोकं सळ्यांवर बसून जमिनीला टेकणार, मग झाकण बसवायचं कशावर? काकांनी पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं. लेखी होतं, त्यामुळे वाद मिटला.

मंगळवारी आम्ही बोगदा बांधला. बागेत चार खुंट्या ठोकून सुतळी ताणली. काकांनी दोन्ही कर्ण मोजून ते सारखे असल्याची खात्री केली आणि काटकोन साधल्याबद्दल स्वतःचं कौतुक केलं. सळ्या घणाने गुडघाभर खोल ठोकल्या. पाइपाचे सहा तुकडे कापले, वाकवून सळ्यांवर चढवले. सगळं इतकं बिनबोभाट जमत गेलं की आत्याला शंका यायला लागली. रुंदी दोन, उंची एक, अगदी रेखीव अर्धगोल. फक्त तो सगळा आमच्या कमरेखाली होता.

आम्ही चहाचे कप घेऊन त्याच्याभोवती उभे राहिलो. आत्या म्हणाली की हा बोगदा छान आहे, आता यातून जाणारी खेळण्यातली आगगाडी आणा. काका म्हणाले, रोपांना कुठे उभं राहायचंय, आणि तिरीमिरीत गुडघ्यांवर बसून आत शिरले. त्यांची देहयष्टी तशी प्रशस्त. मधोमध पोहोचल्यावर त्यांचा पट्टा कशात तरी अडकला आणि ते थांबले. आतून ते बराच वेळ शांतपणे सूचना देत होते. शेवटी मी आणि आत्याने एकेक पाय धरून त्यांना उलटं बाहेर ओढलं. त्यांच्या शर्टाच्या पोटावर गवताचा हिरवा पट्टा उमटला होता. बाहेर येऊन ते म्हणाले, "जागा आहे. फक्त वळायचं नाही."

आईने विचारलं, मग रोज पाणी घालायला मी कसं जायचं? काकांनी जरा विचार करून सांगितलं, सरपटत, वहिनी.

एवढं होऊनही आम्हाला काही कळलं नाही. पाइपाचं वेटोळं निम्म्याहून जास्त उरलं होतं, तरी कळलं नाही. प्लॅस्टिक उलगडलं तेव्हा त्याने बोगदा झाकला, पलीकडची हिरवळ झाकली, बाकडं झाकलं आणि ते स्वयंपाकघराच्या पायरीशी येऊन थांबलं. काका म्हणाले, जास्तीचं आणलं असेल. आईला ते पटलं नाही. बाबा तिकिटंसुद्धा मोजून आणायचे, एक जास्त नाही. संध्याकाळी भांडी पुसताना ती मला म्हणाली की ह्यांची पाठ तीन वर्षांपूर्वीच गेली होती, पडलेला चमचा उचलायलासुद्धा हे मला हाक मारायचे, हे स्वतःसाठी सरपटायची जागा कशाला करतील?

बुधवारी सकाळी मी वही पुन्हा उघडली आणि आदल्या दिवशीच करायला हवं होतं ते केलं. पुठ्ठा एका बाजूला, मूळ प्रत दुसऱ्या बाजूला, आणि बोट ठेवून अक्षर अन् अक्षर. वहीत 'मी'पुढे टिंब नव्हतं. एकाही ठिकाणी नव्हतं. मागचं पान उलटलं. तिथे सामानाची यादी होती: सुतळी १० मी., जाळी ३ मी., प्रत्येक टिंब ठणठणीत, पेन टेकवून दिलेलं. छत्तीस वर्षांचा सर्व्हेअर मीटरचं टिंब विसरत नाही. तो ते देत नसेल, तर तो मीटर लिहीतच नसतो.

तेव्हा मला रविवारचे बाबा आठवले. आठवडाभर टेप हाताळल्यावर त्यांना घरात टेप दिसलेला चालायचा नाही. कपाट या भिंतीत मावेल का हे ते हात पसरून पाहायचे. गालिचा दुकानात अंथरून त्याच्यावर आडवे व्हायचे. मी लहानपणी लाजेने दुसऱ्या दुकानात जाऊन उभी राहायचे.

मी बागेत गेले. तिघंही बोगद्यापाशी होती. मी म्हटलं, "मी म्हणजे मीटर नाही. मी म्हणजे बाबा."

 मग काकांनी खिशातून टोप्या काढल्या, एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून दिसणाऱ्या, खुंटीला अडकवलेल्या बाबांच्या कापडी टोपीकडे पाहिलं, आणि बाराच्या बारा परत खिशात टाकल्या. बोगदा पाच बाबा लांब, दोन बाबा रुंद आणि टोपी घालून एक बाबा उंच व्हायचा होता. चूक माझी होती हे मी सांगितलं. आत्या म्हणाली, "टिंबं देत फिरतेस सगळीकडे, बाळ."

आता प्रश्न असा होता की बाबा किती. आत्याच्या मते पाच फूट आठ इंच, कारण त्यांच्या घराण्यात बुटकं कोणी नव्हतंच. आई म्हणाली, वन्सं, पाच-आठ ते तुमच्या स्टुलावर उभे राहिले तर. मी कागदपत्रं काढली. लायसन्सवर एक उंची होती, पासपोर्टवर दुसरी, नोकरीच्या ओळखपत्रावर तिसरी, आणि वय वाढेल तसा माणूस वाढत गेला होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनी बोटाच्या पेराइतक्या अचूक मोजणाऱ्याने स्वतःच्या बाबतीत सढळ हात ठेवला होता. कपड्यांवरून काढावी म्हटलं तर विजारी आत्याने शिवलेल्या, आणि आपण त्या मुद्दाम लांब शिवायचो असं तिने आता मान खाली घालून सांगितलं.

मी वहीची पुढची पानं चाळत होते. एका पानाच्या कोपऱ्यात दोन काड्यांची माणसं काढलेली होती, एक थोडं उंच, एक थोडं ठेंगणं. ठेंगण्याला वेणी होती. त्याखाली लिहिलं होतं: ती = मी − ४ बोटं. मी वही आईपुढे धरली. तिने चष्मा चढवून वाचलं, मग चष्मा काढला, पदराने काचा पुसल्या आणि पुन्हा वाचलं.

"चार कुठली," ती म्हणाली. "तीन. हे नेहमी एक बोट वाढवून सांगायचे."

काका म्हणाले, मग तीन धरू. मी म्हटलं, नको. मूळ प्रतीत चार आहे. मी एकदा सुधारून पाहिलं होतं, तेवढं पुरे होतं.

आणि अशा रीतीने आई माप झाली. ती हिरवळीवर आडवी झाली, टाचा सुतळीला टेकवून. आत्याने तिच्या डोक्यापाशी चार बोटं ठेवली, काकांनी तिथे खुंटी ठोकली. एक मी. मग आई उठली, चार पावलं पुढे आली, खुंटीला टाचा लावून पुन्हा आडवी झाली. बोटं कोणाची धरायची यावर मध्ये थोडा खल झाला. काकांची बोटं जाड, पाच मीमध्ये हातभर फरक पडला असता. भावाची बोटं आपल्यासारखीच होती, असं आत्याने ठणकावलं आणि तो मुद्दा निकालात निघाला. कुंपणापलीकडून पोस्टमन चालला होता. एक बाई जमिनीवर निजलेली, दुसरी तिच्या डोक्याशी बोटं लावून बसलेली आणि एक माणूस घण घेऊन उभा, असं पाहून तो थांबला. काकांनी त्याला सांगितलं की काही नाही, माप चालू आहे. पत्रं त्याने फाटकातच ठेवली.

चौथ्या वेळी आई उठली नाही. डोळे उघडे ठेवून आभाळाकडे पाहत राहिली. हात पोटावर होते. आम्ही थांबलो. काकांनी घण हळूच खाली ठेवला. बऱ्याच वेळाने आत्याने विचारलं, "झोपलीस की काय गं?"

"नाही," आई म्हणाली. "ठोका खुंटी."

सगळं उपटून पुन्हा रोवायला बुधवार गेला. उरलेल्या पाइपात सहा मोठ्या कमानी निघाल्या. मी कापायला लावलेले सहा तुकडे काकांनी जोडकांनी दोन-दोन असे सांधले, वाढीव टोकं छाटली, त्यातून आणखी तीन निघाल्या. सांधलेल्या कमानींचा त्यांना इतका अभिमान वाटत होता की त्यांनी त्या पुढे, दाराजवळ लावल्या, सगळ्यांना दिसतील अशा. कमानींच्या माथ्याखालून एक आडवा पाइप आढ्यासारखा बांधला, टोकांच्या कमानींना तिरके टेकू दिले. मग मजबुती पाहायची म्हणून काका दोन्ही हातांनी आढ्याला लोंबकळले आणि पाय वर घेतले. बोगदा कुरकुरला नाही. आम्ही तिघी मात्र एका पावलाने मागे सरकलो होतो.

गुरुवारी ऊन होतं आणि वारा नव्हता. प्लॅस्टिक उन्हात मऊ पडतं, तेव्हाच ते ताणून घ्यायचं असतं. दोन्ही बाजूंना फावड्याने चर खणले, कागदाच्या कडा त्यात सोडल्या आणि माती लोटून पायांनी दाबल्या. टोकांना उरलेल्या कागदाचं काय करायचं, इथे आत्याने सूत्रं हातात घेतली. तोंडात टाचण्या धरून ती प्लॅस्टिकच्या चुण्या घालायला लागली. काकांचं म्हणणं होतं की गोळा करून खिळे मारले की झालं. आत्याने टाचण्या न काढता काहीतरी उत्तर दिलं. ते समजलं नाही तेच बरं झालं. तासाभराने बोगद्याच्या दोन्ही टोकांना एकसारख्या, आतल्या बाजूला वळलेल्या एकवीस चुण्या होत्या. शेवटी काकांनीही हात लावून पाहिलं आणि यातून वारा शिरणार नाही हे कबूल केलं. दाराची लाकडी चौकट त्यांनी मुकाट बसवली. पूर्वेला.

काम संपल्यावर आईने आत जाऊन बाबांची टोपी आणली, डोक्यावर ठेवली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली. न वाकता. टोपी आणि आढं यांच्यात आत्याने हात घालून पाहिला. चार बोटं. आई म्हणाली, बरं, चार तर चार. काका तिच्या मागोमाग शिरले आणि पहिल्याच कमानीला त्यांचं डोकं आपटलं. मित्राने आपला विचार केलेला दिसत नाही, असं ते म्हणाले.

दुपार कलली तशी आम्ही रोपं बाहेर काढली. जिन्यावरून, पलंगावरून, मशीनवरून. चौघांच्या येरझाऱ्या चालू होत्या, कोण कुठून काय नेतंय याचा कोणाला पत्ता नव्हता. बोगद्यात फळ्यांवर कुंड्या लागत गेल्या. दिवे लागायच्या आत दार लावून घेतलं. घर एकदम मोठं वाटायला लागलं.

शुक्रवारी उजाडलं तेव्हा हिरवळ पांढरी झाली होती आणि पायाखाली करकरत होती. शेजारच्या बागेतली सगळी फुलं काळवंडून माना टाकून पडली होती. आई स्वेटरवर शाल गुंडाळून पुढे, तिच्यामागे आत्या, मग मी. काका कुंपणावरून पाय टाकत आले. आईने दाराची कडी काढली, पण दार लगेच ढकललं नाही. हात तसाच ठेवला. मग ढकललं.

आत मातीचा वास होता आणि ऊब होती. प्लॅस्टिकला आतून थेंबांची जाळी लागली होती आणि अधूनमधून एखादा थेंब कोणाच्या तरी मानेत पडत होता. रोपं उभी होती. पानं ताठ होती. आईने एकेका कुंडीला बोट लावत मोजलं, परतताना पुन्हा मोजलं.

"एकसष्ट," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "सात कमी आहेत."

काकांनी गोगलगायींवर संशय घेतला. गोगलगायी कुंडीसकट नेत नाहीत, असं आत्या म्हणाली. मी म्हटलं, आई, बहात्तरातून एकसष्ट गेले की अकरा उरतात. सात नाही.

आईने समोरच्या कुंडीतली माती बोटाने दाबली. "चार बाथरूममध्ये आहेत," ती म्हणाली. "गीझरखाली. म्हटलं, न जाणो."

म्हणजे सातच कमी होती. आम्ही कोपरे पाहिले, फळ्यांखाली पाहिलं. आत्या एका टोकाला जाऊन आपल्या चुण्यांचं बारकाईने निरीक्षण करायला लागली होती. तिकडूनच, पाठमोरी, ती म्हणाली की सात नव्हेत, तीन. मशीनच्या झाकणाखाली चार असतील. झाकण तिने रात्रभर किंचित उघडं ठेवलं होतं, त्यांना हवा लागावी म्हणून.

आई तिला काही बोलणार होती, पण बोलायला तिला तोंड नव्हतं.

काकांनी घसा खाकरला. मुख्य लाइन बंद पडली तर बाजूने एक लाइन काढलेली असावी, हा त्यांच्या धंद्यातला नियम आहे, असं त्यांनी सुरू केलं आणि बराच वेळ ते त्या नियमाची महती सांगत राहिले. तात्पर्य, दोन रोपं त्यांच्या घरी स्वयंपाकाच्या ओट्यावर होती. काल जाताना हत्यारांच्या पेटीतून नेली होती.

मग तिघांनीही माझ्याकडे पाहिलं.

माझं माझ्या टेबलावर होतं, दोन शब्दकोशांच्या मध्ये, दिव्याखाली. दिवा मी रात्रभर चालू ठेवला होता. मी घरात गेले. इतरही आपापल्या लपवलेल्या जागांकडे निघाले, एकमेकांकडे न बघता, आणि थोड्या वेळाने आम्ही चौघं हातात कुंड्या घेऊन पांढऱ्या गवतावरून परत आलो. आईने आपली चार लावली, आत्याची चार घेतली, काकांची दोन घेतली. माझं रोप तिने हातात धरून उजेडाकडे केलं. एका रात्रीत ते दिव्याच्या बाजूला पार वाकलं होतं.

तिने कुंडी फळीवर ठेवली आणि अर्धी फिरवली, वाक उन्हाच्या उलट दिशेला येईल अशी.

"होईल सरळ," ती म्हणाली. "दार लाव आधी, गार वारं येतंय."